मधले एकोणीस दिवस

बाबांनी कुठे राहायचं हे ठरवायला तिघं भावंडं ताईच्या घरी जमली, त्या रविवारी सकाळपासूनच वारा सुटला होता. ताईच्या जिल्ह्यात वाऱ्याचं कुणाला नवल नव्हतं. सगळी गव्हाची सपाटी. झाड नाही, टेकाड नाही, अडवायला काहीच नाही. त्यामुळे वारा जिल्ह्याच्या एका टोकाने शिरायचा आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडेपर्यंत वाटेतल्या प्रत्येक घरात डोकावून जायचा. ताईने खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले होते आणि आल्यागेल्याला ती सांगत होती, "आज जरा जास्तच आहे. एरवी इतका नसतो."

एरवीही इतकाच असायचा.

आई जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. तेव्हा ठरलं होतं की बाबा पहिले चार महिने दादाकडे राहतील, पुढचे चार ताईकडे, शेवटचे चार बारक्याकडे आणि मग सगळ्यांनी बसून काय ते कायमचं ठरवायचं. एवढं एक ठरवून भावंडांनी आईच्या कपाटावरून भांडण काढलं होतं आणि तेव्हापासून दादा आणि ताई एकमेकांशी बोलत नव्हते. आता बोलणं भाग होतं. म्हणून दोघंही फार गोड बोलत होते.

"तुझ्याकडे काय मोकळं वाटतं गं!" दादा म्हणाला. जंगलाच्या जिल्ह्यात त्याची लाकूड कापायची गिरणी होती. पाच तास जीप चालवून आल्यावरही त्याच्या शर्टाला भुशाचा वास येत होता. "इथे नजर कशी लांबवर जाते. आमच्याकडे दार उघडलं की समोर झाड."

"झाडं आहेत म्हणून तर हवा आहे," ताई म्हणाली. "तूच नाही का म्हणायचास, की आमच्याकडे श्वास घेतला की औषध घ्यायला नको?"

तो म्हणायचा खरा. वीस वर्षं म्हणत होता. आज मात्र त्याने बायकोकडे पाहिलं आणि वहिनीने सूत्रं हातात घेतली. तिने येताना गाडीत सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. जंगल बघायला छान, राहायला नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिच्या नव्या चपलांवर बुरशी चढली होती. तेव्हा ती रडली होती. पण ही गोष्ट माहेरीसुद्धा कधी तिने सांगितली नव्हती, आणि आज ती सासरच्या माणसांपुढे रंगवून सांगत होती.

"सूर्य अकराला दिसतो, तीनला गडप. बाबांचे गुडघे म्हणजे... त्यांना कोरडी हवा पाहिजे, वन्सं. तुमच्यासारखी."

"कोरडी?" ताई शाळेत मुख्याध्यापिका होती आणि एकेका शब्दाला धरून उभं करायची तिला सवय होती. "कोरडी म्हणजे धूळ, वहिनी. चार महिने खोकत होते बाबा. जवळचा शेजारी दोन किलोमीटरवर, डॉक्टर चाळीसवर. मी शाळेत, हे दुकानात. दिवसभर बोलायला कोण? भिंती? समुद्र असला की कसं, माणूस नुसता बघत बसला तरी दिवस जातो."

सगळ्यांनी बारक्याकडे पाहिलं.

बारक्या बेचाळीस वर्षांचा होता, त्याचे केस पिकले होते, पण नाव काही सुटलं नव्हतं. किनाऱ्याच्या जिल्ह्यात तो बर्फाच्या कारखान्यावर व्यवस्थापक होता आणि कारखान्याच्या वरच्याच दोन खोल्यांत राहत होता. त्याची बायको आली नव्हती, पण तिने आपलं मत पाठवलं होतं. ते कसं मांडावं याच विचारात तो सकाळपासून होता.

"समुद्र दिसत नाही आमच्या खिडकीतून," तो म्हणाला. "मासळीची शेड दिसते. खाली यंत्रं चोवीस तास. आणि खारटपणा इतका की दोन वर्षांत सायकलीचा सांगाडा होतो. मागच्या महिन्यात बाबांचा चष्मा गंजला."

"चष्मा?" दादा म्हणाला.

"काड्या."

इतक्या वर्षांत आपापल्या जिल्ह्याविषयी या घरात पहिल्यांदाच कुणी खरं बोललं होतं आणि त्याचं कुणालाच कौतुक नव्हतं.

ज्यांच्याविषयी हे चाललं होतं ते बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून जावयाच्या दुकानातलं बियाण्यांचं माहितीपत्रक वाचत होते. ते गुरांचे सरकारी डॉक्टर होते. नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी बदली झाली. मुलांची शाळा बदलली, दप्तरं बदलली, आणि म्हणूनच की काय, मोठी झाल्यावर तिघांनीही एकेक जागा पकडली आणि घट्ट धरून ठेवली. बाबांना आता चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. कान चांगले होते. मधूनच ते पान उलटत होते.

"कुणी कुणाला टाळतंय असं नाही," वहिनी म्हणाली. "आम्ही तर पूर्ण चार महिने ठेवून घेतलं. तीन तारखेला मी स्वतः त्यांना बसमध्ये बसवलं, डबा दिला..."

"बावीस," ताई म्हणाली.

"काय बावीस?"

"बावीस तारखेला आले ते माझ्याकडे. तुम्ही आग्रह करून ठेवून घेतलं म्हणाले. मला वाटलं, चला, वहिनींना निदान एवढं तरी सुचलं."

"मी कसला आग्रह करतेय? तीन तारीख मला पक्की लक्षात आहे. त्याच दिवशी गिरणीचा पट्टा तुटला होता."

दादाने बोटांवर मोजलं. ताईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, ते यंदाचं होतं, त्याचा उपयोग नव्हता. एकोणीस दिवस होत होते. एकोणीस दिवस सत्तरी ओलांडलेला माणूस कुणाच्याच घरी नव्हता आणि ही गोष्ट घरात आठ महिन्यांनी कळत होती.

"पण दर रविवारी फोन यायचा मला," ताई म्हणाली.

"मलाही यायचा," दादा म्हणाला. "पोचलो, ठीक आहे, म्हणायचे."

"आणि तू मला एकदाही विचारलं नाहीस, पोचले का म्हणून?"

"तू विचारलंस, निघाले का म्हणून?"

कपाटाचं नाव कुणी घेतलं नाही. बारक्याला मात्र एकदम हलकं वाटलं. या प्रकरणात तो कुठेच नव्हता. असं त्याच्या आयुष्यात फार वेळा झालं नव्हतं. "मला तर काहीच माहीत नव्हतं," तो म्हणाला आणि दोघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने लगेच चहाचा कप उचलला.

"बाबा," ताई म्हणाली. "कुठे होतात?"

बाबांनी माहितीपत्रक मिटलं. "वरच्या जिल्ह्यात."

या घरात वरचा जिल्हा म्हणजे शिक्षा. नकाशाच्या वरच्या कोपऱ्यातला खडकाळ, बोडका मुलूख, वर्षातले पाच महिने बर्फाखाली. बाबांची तिथे एकदा बदली झाली होती, कुणा साहेबाच्या मर्जीतून उतरल्यामुळे. आईने मुलांना घेऊन तिथे जायला साफ नकार दिला आणि ती दोन वर्षं बाबांनी एकट्याने काढली. पुढे घरात कुणी अभ्यास केला नाही, दूध सांडलं, खोटं बोललं, की आई म्हणायची, "वरच्या जिल्ह्यात पाठवून देईन हं."

"मुद्दाम गेलो नाही," बाबा म्हणाले. "तिठ्यावर बस बदलायची होती. शेजारी वरची गाडी उभी होती. पाटी वाचली आणि बसलो."

"पाटी वाचली आणि बसलात!" दादा म्हणाला.

"जागा होती."

मग त्यांनी सांगितलं, फारसं तिखटमीठ न लावता. तिथला गुरांचा दवाखाना बंद होता. दाराला कुलूप, कुलपाला गंज. बारा वर्षं तिथे डॉक्टरच आलेला नव्हता. ते पायरीवर बसून डबा खात होते. ("चांगला होता," त्यांनी वहिनीला सांगितलं.) तेवढ्यात एक बाई रडकुंडीला येऊन मदतीला माणसं गोळा करत चालली होती. तिची घोडी अडली होती. बाबा उठले, हात धुतले आणि तिच्या मागोमाग गेले.

"मग?" बारक्याने विचारलं. त्याला खरंच ऐकायचं होतं.

"शिंगरू मेलेलंच होतं. घोडी वाचली. दुसऱ्या दिवशी पायरीवर सहाजण उभे, कुणाची शेळी, कुणाचं वासरू. शाळेच्या मास्तरांनी मागची खोली दिली. राहिलो."

"लोकांनी ओळखलं असेल," ताई म्हणाली. तिला निदान तेवढा मान तरी वडिलांना मिळालेला हवा होता.

"छे. एक म्हातारा म्हणाला, पूर्वी इथे एक डॉक्टर होता, फार तापट. मी म्हटलं, असेल."

जावई इतका वेळ दाराशी उभे होते. त्यांचं बी-बियाणं आणि खतं-औषधांचं दुकान होतं आणि सासरच्या बैठकींत ते सहसा हिशेबातच नसत. आता ते नकळत हसले. ताईने ते टिपलं. वर्गात मागच्या बाकावरचं हसू टिपावं तसं.

"तुम्हाला माहीत होतं."

"म्हणजे... रबरी हातमोजे मागवले होते त्यांनी. लांब, कोपरापर्यंतचे. आणि थोडी औषधं. मी बसने पाठवली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"त्यांनी सांगू नका म्हटलं होतं. आणि तू विचारलं नाहीस."

"माझे वडील एखाद्या वेळी वरच्या जिल्ह्यात आहेत का, हे मी रोज संध्याकाळी तुम्हाला विचारायला हवं होतं?"

वहिनीला मात्र आता निराळाच वास येऊ लागला होता. पाटी वाचून कुणी बसत नाही. एकोणीस दिवस कुणी शेळ्यांसाठी राहत नाही. "बाबा, तिथे आपल्या ओळखीचं कुणी... म्हणजे, कोण आहे तिथे?" तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

"माणसं कमीच आहेत," बाबा म्हणाले. "मेंढ्या पुष्कळ." आणि मग त्याच आवाजात, "उद्या सकाळी जातोय मी तिकडे. राहायला. येतो म्हणून सांगून आलो होतो, तुमचं वर्ष पुरं होऊ दिलं."

यावर जो गलका झाला त्यात मघाच्या तक्रारी जशा आल्या तशाच परत गेल्या. दादा म्हणाला, ऊन अकराला येतं पण काय ऊन येतं! वहिनी म्हणाली, बुरशी फक्त पावसाळ्यात, आणि तीही वरच्यावर पुसता येते. बारक्याने सांगून टाकलं की चष्मा मुळात स्वस्तातला होता, आणि यंत्रांच्या आवाजाची इतकी सवय होते की आवाज बंद पडला की झोप उडते. लोक काय म्हणतील, हेही बोलून झालं. तीन मुलं असताना बाप बर्फात मेंढ्यांची शेपटं धरतोय! तासाभरापूर्वी ज्यांना बाबा ठेवून घ्यायला जागा नव्हती त्यांच्याकडे आता त्यांच्यासाठी स्वतंत्र खोल्या निघू लागल्या.

ताई उठून मागच्या पडवीत गेली. तिथे दोरीवरचे कपडे वाऱ्याने आडवे झाले होते आणि ती ते उगाचच काढू लागली. थोड्या वेळाने बाबा आले. चादरीचं दुसरं टोक त्यांनी धरलं. तिने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या. मी करते."

"हेच," बाबा म्हणाले.

"काय हेच?"

"तिथे दादाच्या गिरणीत फळ्या रचायला गेलो तर सूनबाईने बसवलं. इथे झाडू उचलला तर तू बसवलंस. बारक्याने तर गडीच ठेवला, मला बसवायला. फार प्रेमाने बसवता तुम्ही सगळे. वर्षभर बसलो मी."

ताई चिडली. "पण तिथेच? आईने ज्या जागेचं उभ्या जन्मात तोंड पाहिलं नाही तिथे? ती नाही म्हणाली होती बाबा. तिला तिथे यायचं नव्हतं."

बाबा चादरीकडे बघत होते. "तिला यायचं होतं," ते म्हणाले. "दोनदा सामान बांधलं होतं तिने. मीच कळवलं, येऊ नकोस."

"आमच्या शाळेसाठी?"

"असं लिहिलं मी पत्रात. शाळा, बर्फ, एकच खोली. सगळं खरंच होतं." त्यांनी दोरीवरचा एक चिमटा काढला. "पण मला एकट्याला तिथे बरं वाटत होतं, पोरी. दिवसभर राबायचं, रात्री पडायचं. कुणी काही विचारत नाही. हे तिला लिहिलं नाही. तिला कळलं असणार. तिने सगळ्यांना सांगितलं की नकार तिचाच होता. मरेपर्यंत तेच सांगत राहिली. लोक तिला नावं ठेवायचे, नवऱ्याला एकटं पाठवलं म्हणून, आणि मी गप्प बसायचो."

ताईने हातातले कपडे तसेच छातीशी धरले. लहानपणी त्या दोन वर्षांत, भाड्याच्या एका खोलीत, तिने आईला कितीदा ऐकवलं होतं, तुझ्यामुळे बाबा नाहीत. एकदा तर शाळेच्या निबंधातही लिहिलं होतं. आईने तो निबंध वाचून शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या होत्या, बाकी काही बोलली नव्हती.

"मला का सांगताय हे आता?"

"मी परत एकटा निघालोय. या खेपेला तरी खरं कारण सांगून जावं म्हटलं."

तिला त्यांचा राग आला होता, आणि तो लवकर जाणारा नव्हता हेही तिला कळत होतं. तरी तिने चादरीचं एक टोक त्यांच्यापुढे धरलं. "धरा. नीट घडी घाला. कोपऱ्याला कोपरा."

सोमवारी सकाळी बाबा बसने जाणार होते. पण वहिनी म्हणाली, एवढ्या लांब एकट्याने कशाला, आम्ही सोडतो. तिला त्या जिल्ह्यात कोण आहे ते बघायचं होतं. दादाला बायको जाईल तिथे जाणं भाग होतं. ताईने पंधरा वर्षांत पहिल्यांदा शाळेत रजा कळवली. बारक्याची बस चुकली, निदान त्याने तसं सांगितलं. जावयांनी औषधांचं एक मोठं खोकं आणून मागे ठेवलं आणि दुकान उघडायला निघून गेले. ताई त्यांच्याशी अजून बोलत नव्हती.

दुपारी एकच्या सुमाराला जीप वर पोचली. राखाडी दगडांचे उतार, मधूनच दगडी कुंपणं, आणि गाव म्हणावं तर दोन डझन घरं. दवाखान्याच्या कुलपाच्या जागी आता सुतळी होती. पायरीजवळ दहाबारा माणसं आणि त्याहून जास्त जनावरं उभी होती. शाळेचे मास्तर पुढे आले. पन्नाशीचे, मिशीवाले, मागे चार मुलं आणि एक हसतमुख बायको. वहिनीने गर्दीवरून एकदा, मग पुन्हा एकदा नजर फिरवली. तिच्या पदरात काहीच पडलं नाही.

स्वागतबिगत झालं नाही. एका म्हातारीने बाबांना पाहिल्या पाहिल्या झापलं. "महिन्याभरात येतो म्हणालात. आठ महिने झाले. माझी गाय तोवर थांबणार होती का?"

"मेली?"

"दुसरी आणलीय. ही बघा. कालपासून वेणा देतेय."

बाबांनी कोट काढून बारक्याच्या हातात दिला, कोण घेतोय ते न बघता. बाह्या सरसावत ते गोठ्याकडे निघाले. चाल अशी की ताईला गुडघ्यांची आठवण करून द्यावीशी वाटली आणि तिने दिली नाही. सगळी वरात मागोमाग गेली. गोठा बुटका होता. आत गाय मान टाकून उभी होती आणि तिच्या अंगाला कंप सुटला होता.

"तुम्ही कोण?" म्हातारीने दादाला विचारलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो वाटेत उभा होता.

"मुलगा."

"कुणाचा?"

दादाने बाबांकडे बोट केलं. म्हातारीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग कोट सांभाळत उभ्या असलेल्या बारक्याकडे.

"डॉक्टरांना मुलं आहेत होय?" ती म्हणाली. "कधी बोलले नाहीत."

हे तिघांनाही लागलं. वहिनीलासुद्धा लागलं, याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. दादाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाबांचा आवाज आला. मुलांनी वर्षभरात न ऐकलेला, लहानपणी ज्याने घर चिडीचूप व्हायचं तो आवाज.

"ए, उभा काय राहिलास? शेपूट धर. वर, वर उचलून. ताई, पाणी आण, कोमट. बारक्या, तो कोट ठेव कुठेतरी आणि दोरी घे. आणि सूनबाई, तुम्ही डोक्याशी जा, तिच्याशी बोलत राहा."

"काय बोलू?" वहिनीने घाबरून विचारलं.

"काहीही. तुमच्याकडचं सांगा."

वहिनी गायीच्या कानाशी वाकली. दादाने शेपूट धरलं. इस्त्रीच्या शर्टाचं जे व्हायचं ते पहिल्या मिनिटातच झालं.

"आमच्याकडे ना," वहिनी गायीला सांगू लागली, "अकरा वाजेपर्यंत ऊनच येत नाही बाई."